चूल पेटत नव्हती म्हणे

मोखाड्याच्या बाजारात मी सुक्या बोंबलांचा भाव करत होते. मागून हौशी आली. आमच्याच पाड्यावरची, तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि इतक्या हळू आवाजात बोलली की मला वाटलं, हिच्याच घरी कोणी गेलं. "जिवले," म्हणाली, "तुझा पोरगा कधी गेला गं? कळवलंसुद्धा नाहीस आम्हाला."

मला पोरगा झालाच नाही. दोन पोरी झाल्या. थोरली रामी लग्न होऊन विक्रमगडकडं गेली आणि धाकटी प्रतिक्षा नाशिकला कॉलेजात आहे, बास्केटबॉल खेळते. हौशीला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, दोन्ही बाळंतपणांना तीच माझ्या उशाशी बसली होती. मी म्हटलं, बाई, सकाळी सकाळी काय लागलंय का तुला? तिनं कमरेचा फोन काढून माझ्या डोळ्यांपुढं धरला.

फोनमध्ये माझी पोरगी होती. कॉलेजचा निळा टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले, मागं मैदान. बोलणं अगदी पुस्तकातलं. आमच्या घरी दोन दोन दिवस चूल पेटत नव्हती, म्हणाली. आई पाणी पिऊन झोपायची, म्हणाली. माझा लहान भाऊ भुकेनं गेला, मी त्याच्यासाठी खेळते, म्हणाली. आणि डोळे पुसले. खाली गाणं लावलेलं, सनईसारखं काहीतरी रडकं.

बोंबीलवाली पण वाकून बघत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले. पोशेऱ्यात आमची भाताची खाचरं आहेत, उतारावर नाचणी होते, वरई होते. माझ्या दारावरून उपाशी कोणी गेलं नाही, आणि मला बाजारात बोंबील दान मिळाले. मी ते परत काढून ठेवले नाहीत. हात उचललाच नाही. पिशवी घेऊन मान खाली घालून एसटी स्टँडकडं चालू लागले.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी अशी कशी. तर ती अशी नव्हती, ते आधी ऐका.

प्रतिक्षा बापावर गेली. अनंता, म्हणजे माझा नवरा, दारातून वाकून आत येतो, तशीच ही. सातवी झाली तेव्हा आमच्या पाड्यावरच्या सगळ्या बायांहून उंच. जव्हारच्या हायस्कूलात घातली, तिथंच वसतिगृहात राहायची. तिथं उमेश सर म्हणून खेळाचे मास्तर होते. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी कडी करून घेतली, खांबाला लावली आणि उंच पोरी शोधत फिरू लागले. दुसरी काही परीक्षा नाही. उंच आहेस? ये. पहिल्या वर्षी हिचा चेंडू कडीत कमी आणि शेजारच्या घराच्या कौलांवर जास्त. त्या घरची म्हातारी सरांना शिव्या घालायची आणि सर आपले दर वेळी चहा पिऊन कौलं बदलून द्यायचे.

मला तो खेळ काय कळत नव्हता. जाळीत चेंडू टाकायचा आणि जाळीला बूडच नाही, चेंडू परत खाली. मी म्हटलं, अगं, बूड लावा की, एकदा टाकला म्हणजे राहील तरी. ती हसून हसून लोळली. पण सुट्टीत घरी यायची तेव्हा खळ्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर चेंडू आपटत राहायची, उन्हात, धुळीत, उजव्या हातानं, मग डाव्या. आवाजानं कोंड्यावरच्या कोंबड्या पळायच्या. मी ओरडायची, ती ऐकायची नाही. हट्टी. ते मात्र माझ्यावर गेलं.

तालुक्याला जिंकली. पालघरला जिल्ह्याला जिंकली. मुंबई विभागात गेल्या तर समोर शहरातल्या पोरी, पायात फुगीर बूट, त्यांच्या आया बाटल्यांतून रंगीत पाणी पाजणाऱ्या. तिथंही जिंकल्या. राज्याला मात्र पहिल्याच सामन्यात आपटल्या. पण आपटल्या तरी नाशिकच्या एका कॉलेजच्या कोचबाईंनी हिला बघून ठेवलं होतं. बारावी झाल्यावर त्यांचाच फोन आला, खेळाच्या जागेवर घेतो, पाठवा. उमेश सर पेढे घेऊन पोशेऱ्यापर्यंत आले. अनंता ठाण्याच्या बिगारीला गेलेला, त्याला फोन केला तर तिकडून हिंदीतच ओरडला, "अपनी लडकी कॉलेज जाएगी." साइटवर सगळ्यांना चहा पाजला म्हणे.

एकदा आम्ही दोघं नाशिकला सामना बघायला गेलो. मी नाचणीच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून नेली, घरचं खाईल म्हणून. सामना संपल्यावर टीमच्या सगळ्या पोरी त्या फडक्याभोवती बसल्या. कोचबाईंनी पण खाल्लं. एक पोरगी मला म्हणाली, काकू, प्रतिक्षा एवढी दणकट का आहे ते आज कळलं. त्या दिवशी मला माझ्या पोरीच्या उघड्या पायांची पण लाज वाटली नाही, आणि मी लाजणार असं ठरवून गेले होते.

त्याच पोरींनी आता तो व्हिडिओ बघितला असणार. माझी भाकरी खाल्लेल्या तोंडांनी हळहळल्या असतील.

बाजारातून आले ती तशीच अंगणात बसून मी फोन लावला. म्हटलं, "प्रतिक्षा, माझा पोरगा कधी मेला?"

ती म्हणाली, "आये, कोणी दाखवलं?"

"कोणी दाखवायचं राहिलंय ते विचार."

मग सगळं बाहेर आलं. पहिलं वर्ष कॉलेजनं हॉस्टेल दिलं होतं. दुसऱ्या वर्षापासून राहायचं-खायचं आपलं आपण बघा, म्हणाले. ते आम्हाला झेपणारं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. मी मनात धरूनच होते की काहीतरी होईल. त्यात मुंबईची एक संस्था आली. खेळणाऱ्या पोरी निवडायच्या, आणि निवडलेल्यांचं कॉलेज संपेपर्यंत राहणं, खाणं, बूट, शिबिरं, सगळं ते बघणार. निवड नाही झाली तर हिला बिछाना गुंडाळून पोशेऱ्याला यायचं होतं. आणि इथं आल्यावर कसला बास्केटबॉल. भाताची लावणी आणि लगीन.

"आये, आधी मी खरंच सांगितलेलं," ती म्हणाली. "आमची थोडी शेती आहे, भात होतो, बाबा ठाण्याला कामाला जातात, असं. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, बरं, आणखी काही? मी म्हटलं, आणखी काही नाही. मग त्यांनी कॅमेरा बाजूच्या पोरीकडं वळवला. तिचा बाप दारूनं गेलेला. तिच्याकडं कॅमेरा हललाच नाही गं. मग मी परत हात वर केला."

"आणि माझा पोरगा मारलास."

"तूच सांगायचीस ना, मी भात टाकला की. मामा भुकेनं गेला आणि तू ताटात टाकतेस, म्हणून."

"मग मामा म्हणायचं होतंस."

"तोंडातून भाऊ निघालं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मी तिला काय बोलणार? सांगायची मीच. माझं माहेर वावरचं. माझ्या लहानपणी एका साली वावरला आणि वांगणीला पोरं भुकेनं गेली, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मी नव्यानं काय सांगू. त्यात माझा धाकटा भाऊ गेला. मी तेव्हा पहिलीतली पोर. पोरं गेल्यावर गाड्या आल्या. एकानं माझ्या आईचा फोटो काढला, मांडीवर भाऊ होता, तेव्हा जिवंत होता अजून. तो फोटो कुठंतरी छापून आला असं लोक सांगत. आम्ही काही बघितला नाही. पण त्यानंतर माझ्या आईनं, सुकरीनं, दोन गोष्टी केल्या. भावाचं नाव घेणं सोडलं, आणि पाड्यावर गाडी आली की आम्हाला घरात घेऊन दार लावायची. कोणी खाऊ वाटायला आलेलं असो, नाहीतर देवमाणूस असो. दार बंद.

अशा बाईची मी पोरगी. म्हणून माझ्या घरात पाहुण्याला आधी जेवण, मग कुठून आलात. आणि माझ्या पोरीनं ती उपासमार फडक्यातली भाकरी सोडावी तशी सोडून मांडली.

"आये," प्रतिक्षा नाक ओढत म्हणाली, "निवड अजून पक्की नाही. ते घर बघायला येणारेत. शूटिंग करणारेत. तुला पण विचारतील."

"मी सांगेन खरं काय ते."

"सांग. मग मला काढून टाकतील. कोचबाईंना पण कळेल की मी खोटं बोलले."

मी फोन ठेवून दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि खरं सांगायचं तर मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नाचक्की तर झालीच आहे, निदान पोरीचं कॉलेज तरी राहू दे.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी तिचा परत फोन. "आये, ती कणगी." मी म्हटलं, काय कणगीचं? तर म्हणते, "भरलेली दिसेल ना गं." भात नुकतंच झोडून घातलेलं. बांबूची कणगी, शेणानं लिंपलेली, माझ्या गळ्याएवढी उंच, घरात शिरलं की आधी तीच दिसते. आमच्यात भात म्हणजे कणसरी, देव आहे तो. कणगी कधी पार झाडून रिकामी करायची नाही, तळाला चार ओंजळी ठेवायच्याच. आणि घरात भात असताना नाही म्हणायचं नाही, जीभ झडते.

मी टोपल्या भरून भात शेजारी माझ्या जावेकडं, गौराकडं, नेऊन ओतलं. सगळं. वरून बघितलं तर तळ दिसला पाहिजे ना. गौरा काही बोलली नाही, नुसती बाजूला सरकून जागा देत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. अनंता खाटेवर बसून बघत होता. मी म्हटलं, हात लावा जरा. तो उठला, सदरा घातला आणि म्हणाला, "मी उद्या जव्हारला जातो. त्यांच्या पिक्चरमध्ये बाप जिवंत आहे का मेलाय, तेवढं पोरीला विचारून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली आणि तीतून माझी आई उतरली. तिच्याकडं फोन नाही, तिला व्हिडिओ माहीत नाही. पोशी येणार एवढंच कोणाकडून तरी ऐकलं, पोशी म्हणजे आमच्या बोलीत पोरगी, आणि वावरहून नातीसाठी भाजलेल्या उडदाची पुरचुंडी घेऊन आली. आत आली, कणगीपाशी उभी राहिली, आत डोकावली.

"भात कठं गेलं?"

"गौराकडं ठेवलंय. उंदीर झालेत फार."

"उंदरांना गौराचं घर सापडत नाय का?"

मी चहा ठेवते म्हणाले आणि चुलीपाशी तोंड लपवलं. तिला परत पाठवावं असं मनात आलं. आईला. सकाळच्या गाडीनं आलेल्या म्हाताऱ्या आईला. ते मनात आलं, त्याचीही लाज वाटली. पण बोलायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात खालच्या रस्त्यावर गाडी लागली.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मला सांगितलं पाहिजे. वयानं माझ्या रामीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. दाराबाहेर चपला काढल्या, मला वाकून नमस्कार केला, माझ्या आईलाही केला. बरोबर कॅमेरावाला दाढीवाला पोरगा, तोही गोड बोलणारा. मागून प्रतिक्षा. घरात आली ती माझ्या नजरेला नजर देईना. आजीला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आजीनं तिला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, वाळलीस गं म्हणाली. मॅडम म्हणाल्या, हे घ्या, हे घ्या, आणि कॅमेरावाल्यानं ते घेतलं.

मग मला चुलीपाशी बसवलं. चुलीवर चहाचं आधण होतं. धुरानं चित्र नीट येत नाही, कॅमेरावाला म्हणाला. मॅडम म्हणाल्या, ताई, थोडा वेळ विझवली तर चालेल का? नुसती राख असली तरी छान दिसेल. मी लाकडं मागं ओढली आणि तांब्यानं पाणी ओतलं. माझ्या हातानं. चुर्र झालं, सगळीकडं राख उडाली. पोरीनं जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं, आमची चूल पेटत नव्हती.

आई दाराशी उंबऱ्याला टेकून बसली होती, उन्हाकडं पाय करून. तिला ऐकू बरं येतं. मला वाटलं होतं मी फक्त हो म्हणेन. त्या विचारतील, घरी परिस्थिती बिकट होती का, मी म्हणेन हो. मुलगा गेला का, हो. संपलं. झाकली मूठ.

पण मॅडमनी हळूच विचारलं, "ताई, तो कसा होता शेवटी? सांगवत असेल तरच सांगा."

आणि माझ्या तोंडातून ते सगळं बाहेर पडायला लागलं. मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. अनंतालासुद्धा नाही. तो रडायचा पण आवाज यायचा नाही, मी सांगितलं. मान धरायचा नाही. हात एवढा बारीक झाला होता की दंडात बांधलेला काळा दोरा गळून पडायचा. पेज केलेली, पण त्याला गिळवत नव्हती. "मग मी बोट पेजेत बुडवायची," मी म्हटलं, "आणि त्याच्या ओठाला लावायची. तो जीभ काढायचा. शेवटी शेवटी जीभ पण काढली नाही."

मी म्हटलं, मी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं पाणी होतं. कॅमेरावाला जवळ सरकला. मॅडमच्या पण डोळ्यांत पाणी. मला वाटलं, झालं, पोरीचं काम झालं.

"ते बोट माझं होतं, जिवले."

आई उंबऱ्यावरून बोलली. मोठ्यानं नाही. ओरडली असती, मला चार शिव्या घातल्या असत्या, येऊन कानाखाली वाजवली असती, तर मी जगले असते. ती नुसती माझ्याकडं बघत होती, आपण ओळखीच्या माणसाला बाजारात बघतो आणि नाव आठवत नाही, तशी.

"तो माझा पोसा होता," ती म्हणाली. "तुला वाटून नाय दिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुई दुभंगून पोटात घेते असं म्हणतात, ते सीतेला असेल, आमच्यासाठी काही दुभंगली नाही. मी राखेकडं बघत बसले.

आईचं बोलणं आमच्या बोलीतलं, त्यात पुढचे दात नाहीत. मॅडमना काही कळलं नाही. त्या प्रतिक्षाकडं वळल्या. "आजी काय म्हणाल्या गं?"

प्रतिक्षा भिंतीला टेकून उभी होती. ती काहीही सांगू शकत होती. आजीला दुःख होतं, म्हणाली असती, आजीचं डोकं आता चालत नाही, म्हणाली असती, आणि मॅडमनी मान हलवली असती. मी तिला सामन्यात बघितलं आहे. चेंडू हातात आला की ती थांबत नाही, समोर कोण आहे बघत नाही. तशी ती थांबली नाही.

"तो आजीचा मुलगा होता," ती म्हणाली. "माझा मामा. आईच्या लहानपणी गेला, वावरला. मला भाऊ नव्हता. आमच्या घरी रोज चूल पेटायची. मी खोटं बोलले, मॅडम. आई माझ्यामुळं खोटं बोलली."

बोलून ती खाली बसली, गुडघ्यात तोंड घालून. एवढी उंच पोरगी, केवढीशी झाली. मला तिचा अभिमान वाटायला पाहिजे होता आणि वाटलाही असता, पण मनात आधी हेच आलं की गेलं, कॉलेज गेलं, बिछाना गुंडाळून आली माझी पोरगी. अशी मी आई.

मॅडमनी कॅमेरावाल्याकडं बघितलं. कपाळावरचे केस मागं घेतले. थोडा वेळ विचार केला. आम्ही तिघी वाट बघत होतो, आता उठतील, चपला घालतील.

"अगं, मग मामा," त्या म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या, प्रतिक्षाच्या खांद्यावर हात ठेवून. "एवढं काय त्यात? मामा पण चालेल. पहिला व्हिडिओ काढून टाकू, हा नवा लावू. उलट आजी स्वतः समोर आहेत, हे जास्त चांगलं आहे. वावर म्हटलं की लोकांना लगेच कळतं."

चालेल. म्हणजे खरं पण चाललं असतं. पहिल्यापासून चाललं असतं. आम्ही भात उपसलं, चूल विझवली, मेलेलं पोर आईच्या मांडीवरून उचलून आणलं, आणि तिकडं त्यांना मामा असता तरी चाललं असतं. मला हसू यायला लागलं, घाणेरडं हसू, आणि ते मी पदरात दाबलं.

कॅमेरा उंबऱ्याकडं फिरला. मला वाटलं, आता आई उठेल. तिला आयुष्यभर गाडी बघून दार लावताना मी बघितलेलं. पण दार माझं होतं, तिचं नव्हतं, आणि ती त्याच दारात बसली होती. आत कॅमेरा, बाहेर गाडी. जायचं कुठं तिनं?

"आजी," मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, "बाळाचं नाव काय होतं?"

मी म्हटलं, मॅडम, ती नाव घेत नाही, ते सोडा. आईनं माझ्याकडं हात केला, गप म्हणून. मग प्रतिक्षाकडं बघितलं, गुडघ्यात तोंड घातलेली ती लांबच लांब पोर. बराच वेळ बघत होती. सगळं तिला कळलं होतं. कणगी, राख, व्हिडिओ, सगळं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं.

"नाव सांगितलं तर पोशीचं कॉलेज राहील?" तिनं विचारलं.

ते प्रतिक्षानं सांगितलं नाही. मीच सांगितलं मॅडमना, ती काय विचारते ते.

"राहील ना आजी," मॅडम म्हणाल्या. "नक्की राहील."

आईनं पदर नीट केला. डोक्यावरून घेतला. आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. त्या सालानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं, तिच्या आवाजात, जसं ती त्याला अंगणातून हाक मारायची तसंच. ते मी इथं सांगणार नाही. ज्याला पाहिजे त्याला त्या व्हिडिओत मिळेल, सगळ्यांच्या फोनवर आहे तो आता.

दाढीवाल्या पोरानं कानावरची यंत्रं काढली आणि ओशाळून मॅडमना काहीतरी सांगितलं. मॅडमनी जीभ चावली.

"सॉरी आजी," त्या म्हणाल्या, "मध्येच कोंबडा आरवला, नाव नीट आलं नाही. परत एकदा सांगाल का?"

आणि माझ्या आईनं परत सांगितलं.